नॉइज चालेल, हललेला फोटो नको

दिवाळी झाली की आपल्याकडे कबड्डी आणि टेनिस क्रिकेटचा सीझन सुरू होतो तो पार शिमग्यापर्यंत, त्यामुळे या महिन्यात आलेले प्रश्न जवळपास सगळे खेळाचे फोटो आणि व्हिडिओ याबद्दलचेच आहेत. बरेचसे सारखेच होते म्हणून त्यातले वेगवेगळे निवडून घेतलेत. सगळ्यांचं म्हणणं एकच, "सेटिंग सांगा". सांगतो, आकड्यांसकट सांगतो, पण तो आकडा का ते पण सांगणार, कारण गुहागरच्या मैदानावर चाललेला आकडा मालवणात चालेलच असं नाही, तिथले दिवे वेगळे, तुमचं अंतर वेगळं.

गुहागरहून एक वाचक विचारतात: दादा, आमच्या मंडळाची कबड्डी स्पर्धा रात्री असते आणि फोटो मीच काढतो. क्रॉप सेन्सरचा (म्हणजे छोट्या सेन्सरचा) जुना डीएसएलआर आहे, सोबत १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन लेन्स. ऑटोवर ठेवलं की रेडरचे हातपाय हललेले येतात, स्पोर्ट्स मोडवर ठेवलं की फोटो काळपट आणि दाणेदार. आणि लागोपाठ काढलेल्या फोटोंमध्ये एक पिवळट, एक बरोबर, एक अंधारा असं पण होतं. कॅमेरा बिघडलाय का?

कॅमेरा ठणठणीत आहे, काळजी करू नका. तुमच्या प्रश्नात तीन वेगळे त्रास एकत्र आलेत, ते सुटे करूया.

पहिला हललेल्या हातापायांचा. रात्रीच्या उजेडात ऑटो मोड शटरचा वेग खाली आणतो, सेकंदाचा १/६० किंवा १/८० भाग वगैरे, कारण त्याला वाटतं समोर माणूस उभा आहे. कबड्डीत माणूस उभा नसतो. रेड ३० सेकंदांची असते पण खरा मामला शेवटच्या दोन सेकंदांत होतो, हात मारला, कॉर्नरने घोटा धरला, चेन आली, रेडर मध्यरेषेकडे झेपावला, आणि हे सगळं पकडायला निदान १/५०० पाहिजे, दिवे चांगले असतील तर १/६४० नाहीतर १/८००. त्याच्या खाली येऊ नका, काहीही झालं तरी. मोड डायल एमवर (मॅन्युअलवर) ठेवा, शटर १/५०० तुम्ही स्वतः ठरवा, अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, जेवढं उघडेल तेवढं उघडं ठेवा आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, ऑटोवर सोडा, त्याची वरची मर्यादा मेनूत जाऊन ६४०० किंवा १२८०० करून ठेवा. म्हणजे शटर तुमच्या हातात राहतो आणि उजेड कमीजास्त झाला तर आयएसओ सांभाळून घेतो.

आता दाणे येणार, म्हणजेच नॉइज. येऊ देत! हे मला अगदी मनापासून सांगायचंय कारण आयएसओला घाबरून शटर खाली आणणारे लोक मी दर स्पर्धेत बघतो. दाणेदार पण शार्प फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला, पेपरात छापून आला, बॅनरवर लागला तर कुणाला दाणे दिसत नाहीत, रेडरचा चेहरा आणि ताणलेले हात दिसतात. हललेला फोटो मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये घालून जागेवर येत नाही. आणि अजून एक, आयएसओ कमी ठेवून काळा फोटो काढायचा आणि नंतर मोबाइलवर ब्राइटनेस ओढायचा हा प्रकार बंद करा, त्याने दाणे कमी होत नाहीत, बहुतेक कॅमेऱ्यांत उलट जास्त घाण दिसतात. तुमचा स्पोर्ट्स मोडवरचा काळा फोटो हाच प्रकार आहे, शटर वर गेला आणि आयएसओ आपल्या मर्यादेला अडकला.

लेन्सबद्दल एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तुमची १८-५५ ही ५५ वर झूम केली की एफ ५.६ होते (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त). पण ५५-२५० तिच्या ५५ वर एफ ४ असते. म्हणजे तोच अँगल, तीच जागा, फक्त लेन्स बदलली की दुप्पट उजेड फुकटात. तेव्हा कबड्डीला एकतर ५५-२५० लावा आणि ५५ ते ८०च्या आसपास राहा, नाहीतर १८-५५ लावून १८ वर मॅटच्या अगदी कडेला बसा, तिथे ती एफ ३.५ असते. मधल्या झूमवर १८-५५ वापरण्यात रात्री काही फायदा नाही. आणि पुढेमागे थोडे पैसे जमले तर ५० एमएम एफ १.८ घ्या, प्रत्येक कंपनीच्या सगळ्यात स्वस्त लेन्समध्ये ती येते, आणि एफ ५.६च्या तुलनेत जवळपास दहापट उजेड आत घेते. दहापट! १२८०० आयएसओवर जो फोटो मिळत होता तो मग १२५० ते १६०० वर मिळेल. क्रॉप सेन्सरवर ५० एमएमचा अँगल साधारण ७५ ते ८० एमएमसारखा येतो आणि कबड्डीच्या १३ बाय १० मीटरच्या ग्राउंडला तो अगदी बरोबर बसतो.

बसायची जागा. सगळे जण एंडलाइनच्या मागे जाऊन बसतात कारण तिथून चढाईला आलेल्या रेडरचा चेहरा दिसतो, पण तिथून डिफेंडरच्या पाठी पण दिसतात, सातही जणांच्या. आणि पकड झाल्यावर रेडर तोंड फिरवून परत मध्यरेषेकडे झेपावतो तेव्हा त्याची पण पाठच मिळते. त्याऐवजी बाजूच्या लाइनला बसा, मध्यरेषेच्या थोडं पलीकडे, म्हणजे रेडर ज्या बाजूने आलाय त्या बाजूला, आणि तिरपं बघा. आता रेडर परत येताना तुमच्याकडे तोंड करून येतो, हात पुढे, बोटं रेषेवर, कमरेला दोघं लटकलेले, मागून तिसरा येतोय, कबड्डीचा खरा फोटो तो. मांडी घालून खाली बसा, उभं राहून काढलेल्या फोटोत मॅट जास्त आणि माणूस कमी दिसतो.

फोकस सतत बदलत राहणारा ठेवा, कॅननवर एआय सर्व्हो, बाकीच्यांवर एएफ-सी. सिंगल शॉटवर फोकस एकदा लागला की तिथेच थांबतो आणि रेडर तर दोन पावलं पुढे आलेला असतो. फोकस पॉइंट मधला एकच किंवा छोटा झोन घ्या, सगळे पॉइंट चालू ठेवलेत तर तो जवळचा डिफेंडर धरतो नाहीतर मधून गेलेला पंच. फ्लॅश अजिबात नको, खेळाडूच्या डोळ्यावर येतो, पंच उठवून लावतात आणि त्यांचं बरोबरच आहे.

राहिला पिवळट-अंधाऱ्याचा प्रश्न. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मैदानावरचे हॅलोजन-मेटल हलाइड दिवे आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होत असतात. डोळ्याला ते कळत नाही. १/५०० चा शटर मात्र त्या एका चढउताराचा फक्त पाचवा भाग बघतो, कधी वरचा भाग मिळतो, कधी खालचा, म्हणून एक फोटो उजळ, दुसरा काळा, आणि काही दिव्यांचा रंग पण त्याच वेळात बदलतो म्हणून तिसरा पिवळा. मेनूत अँटी-फ्लिकर किंवा फ्लिकर रिडक्शन असा ऑप्शन शोधा. तो चालू केला की कॅमेरा दिव्याच्या उजळ क्षणाची वाट बघून मग शटर मारतो, बर्स्ट, म्हणजे बटण दाबून धरून लागोपाठ काढलेले फोटो, किंचित मंदावतो पण फोटो सारखे येतात. कॅननने हे २०१४ च्या सेव्हन डी मार्क टूपासून द्यायला सुरुवात केली, नंतर बऱ्याच कॅमेऱ्यांत आलं, पण काही मॉडेलमध्ये ते फक्त व्हिडिओपुरतं असतं ते बघून घ्या. नसेलच तर प्रत्येक पकडीला पाचसहा फोटोंचा बर्स्ट मारायचा, त्यातले दोन तरी उजळ क्षणावर पडतातच. व्हाइट बॅलन्स (फोटोतला रंगाचा तोल) ऑटोवरून काढून एका केल्विन आकड्यावर लॉक करा, ४५०० पासून सुरू करा आणि पांढऱ्या टीशर्टकडे बघून वरखाली करा, म्हणजे नंतर सगळे फोटो एकाच झटक्यात दुरुस्त करता येतात.

अलिबाग तालुक्यातून एक काका लिहितात: आमच्याकडे किनाऱ्यावर बैलगाड्यांच्या शर्यती असतात. संध्याकाळी फोटो काढतो, वाळू छान येते पण बैल आणि गाडीवान काळे ठिक्कर. आणि फोटो शार्प आला तरी गाडी उभी असल्यासारखी दिसते, वेग दिसतच नाही. कसं करायचं?

काका, २०२१ च्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने परवानगी दिल्यावर शर्यती परत सुरू झाल्या आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठानेही शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा मान्य केला, तेव्हापासून किनाऱ्यावर कॅमेरे पण खूप वाढलेत. आणि बहुतेक सगळे कॅमेरे चुकीच्या बाजूला उभे असतात. आपला किनारा उत्तर-दक्षिण, गाड्या किनाऱ्याला धरून पळतात, म्हणजे त्या पण उत्तर-दक्षिण, आणि संध्याकाळचा सूर्य समुद्रावर. तुम्ही सुरूच्या बनाच्या बाजूला, गर्दीत उभे राहून समुद्राकडे कॅमेरा धरता तेव्हा सूर्य थेट लेन्ससमोर असतो, मागे चकाकणारं पाणी, मग बैल काळाच येणार, कुठलंही सेटिंग लावा. ओहोटी असेल आणि आयोजकांनी परवानगी दिली तर पाण्याच्या बाजूला जा आणि पाठ समुद्राकडे करा. सूर्य तुमच्या पाठीमागून थेट बैलांच्या अंगावर येतो, आणि मागे सुरूची झाडं गडद हिरवी, त्यावर उडालेली वाळू आणि पाण्याचे तुषार उठून दिसतात. इथे अर्धं काम जागेनेच होतं. ओहोटीची वेळ आदल्या दिवशीच बघून ठेवा, ती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते.

समुद्राच्या बाजूला जाता आलं नाही तर एक्स्पोजर हातात घ्यावं लागेल. चमकणारी कोरडी वाळू, पाणी, आकाश हे सगळं बघून कॅमेऱ्याला वाटतं खूपच उजेड आहे आणि तो फोटो दाबतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) प्लस एक करा असं सगळे सांगतात आणि ते उभ्या माणसाला ठीक आहे, पण शर्यतीत गाडी ओल्या काळ्या वाळूवरून कोरड्या पांढऱ्या वाळूवर येते, मागे कधी पाणी कधी गर्दी, तर प्लस एक एका फोटोत बरोबर आणि पुढच्यात जास्त. आणि खिल्लार जोडी असेल तर पांढऱ्या अंगावरचे केस, स्नायू सगळं जळून नुसता पांढरा ठिगळ राहतो. म्हणून शर्यत सुरू व्हायच्या आधी, जोडी उभी असताना, बैलाच्या अंगावर झूम करून उजेड मोजा, एक फोटो काढा, स्क्रीनवर हायलाइट, म्हणजे जळून पांढरे झालेले भाग, लुकलुकत असतील तर थोडं कमी करा आणि मग ते सगळं मॅन्युअलवर गोठवून टाका, आयएसओ पण ऑटो नको. सूर्य खाली जाईल तसं दर दहापंधरा मिनिटांनी परत बघा. कबड्डीला मी ऑटो आयएसओ सांगितला आणि इथे नको म्हणतोय त्याचं कारण हेच, तिथे मागचा अंधार जवळपास सारखा असतो, इथे मागचं दृश्य क्षणाक्षणाला बदलतं पण बैलावर पडणारा सूर्य तोच असतो.

वेग दिसायचं म्हणाल तर तुमचा शटर जास्त आहे. समोरून येणाऱ्या जोडीला १/१६०० किंवा १/२००० च पाहिजे, खूर हवेत, वाळू उडालेली, सगळं थांबलेलं, तिथे वेग त्या वाळूतून दिसतो. पण बाजूने जाणाऱ्या गाडीला पॅनिंग करा. शटर १/१२५, हात बसला की १/८०, १/६०. पाय गाडी तुमच्या बरोबर समोर येईल त्या दिशेला रोवा, मग कमरेतून मागे वळून गाडी दूर असतानाच फ्रेममध्ये घ्या, गाडीवानाच्या छातीवर फोकस पॉइंट ठेवून तिच्याबरोबर वळत राहा, समोर आली की बर्स्ट, आणि बर्स्ट संपल्यावर पण वळणं थांबवू नका. इथेच सगळे चुकतात, बटण दाबलं की अंग थांबतं आणि फोटो हलतो. बहुतेक फोटो फुकट जातील, ते तसंच असतं, पण जो एक साधतो त्यात गाडीवानाचा चेहरा शार्प आणि मागची सगळी गर्दी रेघारेघांची झालेली असते. लेन्सवर स्टॅबिलायझर असेल तर कॅननच्या बऱ्याच झूम लेन्सवर मोड टू असतो तो याच कामाचा, आडवं वळणं तो अडवत नाही. दुपारी मात्र पॅनिंग जमणार नाही, भर उन्हात १/६० ला अॅपर्चर एफ २० च्या पुढे न्यावं लागतं, एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लावा नाहीतर ऊन उतरायची वाट बघा.

आणि काका, दोरीच्या आत जाऊ नका. शेवटच्या रेषेवर मधोमध बसून वाइड लेन्सने फोटो काढणारी पोरं बघितली की माझ्या पोटात गोळा येतो. जोडी कधी फाकेल सांगता येत नाही आणि तिला ब्रेक नसतात. ७०-३०० लावा, लांब राहा.

देवगडहून प्रश्न: आमच्या नाइट टेनिस क्रिकेट स्पर्धेचं शूटिंग आम्ही दोन मोबाइल आणि एका मिररलेस कॅमेऱ्यावर करतो, लाइव्ह पण देतो. व्हिडिओत काळ्या आडव्या पट्ट्या वरून खाली सरकत राहतात, एका मोबाइलवर जास्त, दुसऱ्यावर कमी. स्लो मोशनमध्ये तर सगळं मैदान लुकलुकतं. आणि बॉल दिसत नाही अशी लोकांची तक्रार असते.

वर गुहागरच्या उत्तरात दिव्याच्या १०० वेळा कमीजास्त होण्याबद्दल लिहिलंय तेच कारण, फक्त व्हिडिओत त्याच्या पट्ट्या होतात कारण सेन्सर एकदम पूर्ण वाचला जात नाही, वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. सेकंदाला १०० चढउतार, म्हणजे शटर १/१०० किंवा १/५० असेल तर प्रत्येक ओळीला पूर्ण चढउतार मिळतो आणि पट्टी जाते. १/६०, १/१२० हे अमेरिकेतल्या ६० हर्ट्झच्या विजेचे आकडे, बरेच कॅमेरे आणि मोबाइल ३० फ्रेमला तेच पकडतात. मिररलेसच्या मेनूत व्हिडिओ सिस्टीम एनटीएससी (६० हर्ट्झवाली) असेल तर पाल (५० हर्ट्झवाली) करा, मग २५ आणि ५० फ्रेमचे ऑप्शन येतात. २५ फ्रेम, शटर १/५०, झालं. आयफोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये रेकॉर्ड व्हिडिओत जाऊन पाल फॉरमॅट दाखवायचा ऑप्शन चालू करता येतो. अँड्रॉइडमध्ये प्रो व्हिडिओ असेल तर शटर हाताने १/५० किंवा १/१०० करा, मग ३० फ्रेमला पण पट्टी येत नाही. हे सगळं करून सुद्धा थोडी पट्टी राहिली तर मैदान जनरेटरवर आहे का बघा, जनरेटरची फ्रिक्वेन्सी बरोबर ५० वर राहीलच असं नाही.

स्लो मोशनचं गणित पण यातूनच येतं. १२० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला सेकंदाचा १२० वा भागच मिळतो, शटर १/१०० करताच येत नाही, म्हणून त्या दिव्यांखाली लुकलुकणारच, मोबाइल कितीही महागाचा असू दे. तुमच्या मिररलेसवर १०० फ्रेम असेल तर १०० फ्रेम आणि शटर १/१०० ठेवा, २५ वर चालवलं की चारपट स्लो मिळतं आणि लुकलुक जवळपास जाते. मोबाइलचं १२० आणि २४० दिवसाच्या मॅचसाठी ठेवा, उन्हात मस्त येतं.

बॉल दिसण्याबद्दल, १/५० ला बॉलची रेघ होते हे खरं आहे. पण रात्री मी तरी पट्ट्यांपेक्षा रेघ पत्करेन, चालत्या व्हिडिओत डोळा ती रेघ बॉल म्हणूनच बघतो. फार तर १/१०० करा, दिवे चांगले असतील तर. दिवसा मात्र १/२०० च्या वर बिनधास्त जा, शटर फ्रेमरेटच्या दुप्पट ठेवायचा तो नियम लग्नाच्या आणि सिनेमाच्या शूटिंगचा आहे, क्रिकेटमध्ये बॅटला कट लागली की नाही हे ज्याला बघायचंय त्याला स्वच्छ फ्रेम पाहिजे. खरा फरक पडतो तो कॅमेरा कुठे आहे त्याने. बॉलरच्या बाजूच्या यष्टींच्या सरळ मागे, सीमारेषेच्या बाहेर, जेवढं उंच जाता येईल तेवढं, स्टेजवर, टेम्पोच्या टपावर, कुठेही. तिथून बॉल पिचच्या मातीवर दिसतो. खालून शूट केलं तर तो समोरच्या गर्दीत आणि दिव्यांत हरवतो. ट्रायपॉडवर लावा, मोबाइलवर पिचच्या जागी बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतं, नाहीतर कोणीतरी पांढरा टीशर्टवाला समोरून गेला की सगळं चित्र काळं होऊन परत उजळतं. डिजिटल झूम नको. लाइव्हसाठी नेटवर्क आदल्या रात्री तपासून उपयोग नाही, मैदान भरल्यावर तपासा, तेव्हाच अपलोड स्पीड पडतो, आणि अडखळणाऱ्या १०८० पेक्षा सुरळीत ७२० लोकांना जास्त आवडतं.

मिररलेसबद्दल अजून एक. फोटो काढताना सायलेंट किंवा इलेक्ट्रॉनिक शटर बंद ठेवा, मेकॅनिकल वापरा. इलेक्ट्रॉनिकवर त्याच पट्ट्या फोटोत येतात आणि जोरात फिरवलेली बॅट वाकडी दिसते. सोनीच्या ए नाइन थ्रीसारख्या ग्लोबल शटरच्या कॅमेऱ्यात बॅट वाकत नाही, सगळा सेन्सर एकाच क्षणी वाचला जातो, पण त्याची किंमत आपल्या स्पर्धेच्या बक्षिसाच्या बाहेरची आहे.

चिपळूणहून: रॉ की जेपीजी? आणि बर्स्ट मध्येच अडकतो, कार्ड बदलू का?

मंडळाला रात्रीच फोटो द्यायचे असतील तर जेपीजी, एवढा साधा हिशोब आहे. रॉ म्हणजे सेन्सरची कच्ची फाइल, ती मोठी असते, बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) लवकर भरतो आणि बरोबर पकडीच्या वेळी कॅमेरा गप्प बसतो, त्यामुळे रात्रीची कबड्डी-क्रिकेट मी जेपीजीवरच करायला सांगतो, फायनल आणि बक्षीस समारंभ रॉवर. दिव्यांचा रंग फारच वाईट असेल तर रॉचा फायदा आहे हे खरं. कार्डवर व्ही३० लिहिलेलं घ्या, म्हणजे सेकंदाला निदान ३० एमबी लिहायची हमी. व्हिडिओला १०० एमबीपीएस (सेकंदाला १०० मेगाबिट) म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, तासाला ४५ जीबी, त्या हिशोबाने कार्ड ठेवा. आणि जुने बरेच कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांनी रेकॉर्डिंग आपोआप बंद करतात, ओव्हर संपली की बंद करून परत चालू करायची सवय लावा.

सावंतवाडीहून एक ताई लिहितात: माझी मुलगी शाळेकडून खो-खो खेळते. मॅच दिवसा असतात, मी पालकांच्या बाजूने फोटो काढते. पाठलाग इतका फास्ट असतो की फ्रेममध्ये कोणी सापडतच नाही. नवीन कॅमेरा घ्यावा का? बजेट फार नाही.

ताई, कॅमेरा नका घेऊ. दिवसाच्या उजेडात तुमचा आहे तो कॅमेरा पुरतो, १/१०००, एफ ५.६, आयएसओ ऑटो, आणि झाडाखाली मैदान असेल तर आयएसओ आपोआप वर जाईल. फोटो सापडत नाहीत कारण तुम्ही धावणाऱ्या मुलीच्या मागे कॅमेरा फिरवताय. खो-खोत मागे धावायची गरज नाही, कुठे काय होणार ते आधीच ठरलेलं असतं. दोन टोकांना दोन खांब, पाठलाग करणारी मुलगी खांबाला वळसा घालणार किंवा खांबावर झेप घेणार, पोल डाइव्ह. तर एका खांबाच्या बाहेर, थोडं बाजूला बसा, खांबावर फोकस करा, फ्रेम खांबापासून आतल्या बाजूला थोडी मोकळी ठेवा आणि वाट बघा. त्या येतात, तुम्ही बर्स्ट मारता. एक हात खांबावर, अंग पूर्ण हवेत आडवं, बोटं पळणाऱ्या मुलीच्या पाठीला टेकतायत, असा फोटो पाठलाग करून मिळत नाही, खांबाजवळ बसून मिळतो. मध्ये बसलेल्या आठ मुलींची तोंडं एकाआड एक उलट दिशेला असतात, तेव्हा तुमची लेक कुठल्या चौकोनात आणि कुठल्या बाजूला तोंड करून बसलीय ते डाव सुरू होताना बघून घ्या आणि त्याच बाजूला जाऊन बसा, खो मिळाल्यावर ती उठते त्या क्षणी तिचे डोळे आणि तोंड जे होतं ना, ते बघण्यासारखं असतं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला, आपल्या मुली आणि मुलं दोघेही जिंकले, तेव्हा आता शाळेच्या मॅचचे चांगले फोटो जपून ठेवण्यासारखे आहेत, उद्या लागतील.

पैसे खर्चायचेच असतील तर सेकंडहँड ५५-२५० किंवा ७०-३०० बघा, मात्र लेन्स उजेडाकडे धरून आतून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे, घेऊ नका. आपल्या हवेत ती वाढतच जाते.

हर्णैहून: बंदरावर आणि किनाऱ्यावर शूट करतो. खारा वारा, वाळू, पावसाळ्यात दमट हवा, लेन्स कशी सांभाळायची?

किनाऱ्यावर लेन्स बदलायची नाही, हा पहिला नियम. घरूनच ठरवून एक लेन्स लावून निघा. घरी आल्यावर कॅमेरा बॅगेत तसाच टाकू नका. आधी ब्लोअरने वाळूचे कण उडवा, वाळू असताना पुसलं तर काच आणि बॉडी दोन्हीवर चरे पडतात, मग स्वच्छ पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कपड्याने बाहेरून पुसा, कारण मीठ कोरड्या कपड्याने निघत नाही, नुसतं पसरतं, आणि मग कोरडा कपडा. लेन्सच्या पुढच्या काचेवर यूव्ही फिल्टर एरवी मी सांगत नाही पण समुद्रावर लावा.

पावसाळ्यात बॅग हा सगळ्यात वाईट साठा, कापड ओल धरून ठेवतं. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत ओल शोषणारी सिलिका जेल आणि आर्द्रता मोजणारं छोटं हायग्रोमीटर, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. सिलिका जेलचा रंग बदलला की ती तापवून परत वापरता येते. आणि जून ते सप्टेंबर कॅमेरा नुसता डब्यात ठेवून देऊ नका, आठवड्यातून एकदा काढा, चार फोटो काढा, लेन्सला ऊन दाखवा. एसीच्या खोलीतून किंवा गाडीतून थेट किनाऱ्यावर उतरलात तर काचेवर धुकं धरतं, तेव्हा पुसत बसू नका, बॅग बंदच ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेत ठेवा आणि मग उघडा. मॅच सहाला असेल तर साडेपाचलाच बॅग मैदानावर पोचली पाहिजे.